पाटीवरचं बारावं नाव

शशीकाकांना ऑफसाइड म्हणजे काय ते विचारू नका, विषय बदलतील. पण इथल्या, नॉटिंगहॅमच्या, एका लेस कारखान्यातल्या कामगारांचा फुटबॉल क्लब त्यांना तोंडपाठ आहे. क्लब व्हिक्टोरिया राणीच्या काळातला, बंद पडून सव्वाशे वर्षं झालेला. काका हॉस्पिटलच्या लॅबमधून रिटायर झाले, मग आशाकाकू गेल्या. घर खायला उठायला लागलं तसे ते लोकल हिस्ट्री ग्रुपमध्ये जाऊन बसायला लागले. तिथे क्लबची जुनी वही त्यांच्या हाती लागली.

यंदा कारखान्याच्या भिंतीवर संघाची पाटी लावायचं ठरलं. अकरा नावं. काका म्हणाले, बारा. अकरांत गोलकीपर हॉल आहेच, पण बारावा पेगसुद्धा हवा.

ग्रुपच्या अध्यक्षीणबाई वैतागल्या. चाळीस सामन्यांपैकी पेग खेळला तीन, त्याचं नाव कशाला? खोटं कशाला बोलू, मलाही त्यांचंच पटलं होतं. काकांना मीटिंगला गाडीने न्यायचं काम माझं, आणि हट्टी म्हणून त्यांच्या नावाने बोटं मोडायचं कामही माझंच.

काका महिनाभर अर्काइव्हमध्ये बसले आणि पाळ्यांचा तक्ता घेऊन आले. लेसचं मशीन थांबवायचे नाहीत. एका मशीनवर दोन माणसं. एकाची पाळी संपली की दुसरा उभा राहायचा. हॉल आणि पेग एकाच मशीनवरचे. शनिवारी दुपारची पाळी खरं तर हॉलची होती. ती पेग करायचा, म्हणून हॉल मैदानावर जाऊ शकायचा.

"पण मग पेगने क्लबसाठी नेमकं केलं काय?" बाईंनी विचारलं.

जन्मात कधी आवाज न चढवलेल्या काकांनी टेबलावर हात आपटला. "ही वॉज ॲट वर्क!"

पाटीवर बारा नावं आली.

उद्घाटनानंतर मी चिडवलं, "काका, काय भडकलात हो त्या दिवशी! पेग तुमचा कोण लागतो?"

ते हसले नाहीत.

"ऋजुता, आशा नर्स होती. दिवसा मुलं, रात्री वॉर्ड. अकरा वर्षं नुसत्या नाइट्स केल्या तिने, मला दिवसा जॉब आणि कोर्स जमावा म्हणून. माझ्या रिटायरमेंटला मी स्पीच केलं. बॉसला थँक्स, टीमला थँक्स, कँटीनवाल्यांनासुद्धा. हिचं नाव घ्यायचं राहिलं. आणि पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होती गं ती."