गालातला घट्टा

सोफे-खुर्च्यांच्या त्या कारखान्यात तोंड आलं म्हणून कुणी डॉक्टरकडे जात नसे. मिस्त्री होते ना! हातातलं काम न सोडता ते म्हणायचे, "आ कर," समोरच्याची मान उजेडाकडे वळवायचे आणि निकाल द्यायचे. मध्ये पिवळट पांढरं, कडेनं लाल आणि तिखट लागलं की जीव जातो? जागरणं कमी कर, आठवड्याभरात जाईल. ओठावर पाण्याचे बारीक फोड, एकाला एक चिकटून? त्याला बोट लावू नकोस आणि आपला पेला वेगळा ठेव. एकाच जागी परत परत लागतंय? दाताचं टोक मोडलंय, घासून घे. बहुतेक वेळा त्यांचं बरोबर निघायचं आणि घात झाला तो तिथेच. सारखं बरोबर निघणारा माणूस पुढे कुणाच्या बापाचं ऐकत नाही.

त्यांची बायको मागच्या खोलीत मशीनवर खोळी शिवायची. कारखान्यात सगळे तिला वहिनी म्हणत. नवऱ्याची ही डॉक्टरकी ती मशीनच्या खडखडाटातून ऐकायची आणि दोरा दाताने तोडायची.

मिस्त्रींचं काम मात्र बघत राहावं असं होतं. मूठभर बारीक खिळे ते गालात धरत. जिभेनं एकेक खिळा फिरवून त्याचं डोकं ओठांपाशी आणायचं, चुंबकाची हातोडी तिथे टेकवायची, खिळा तिला चिकटला की पुढच्या क्षणी तो कापडात. दुसरा हात कापड ताणायला मोकळा. मालकाने पिना मारायची बंदूक आणली तेव्हा मिस्त्री म्हणाले, "माझ्या जिभेला अक्कल आहे. तुमच्या बंदुकीला आहे का?" जिभेला असेल, पण ती वर डोक्यापर्यंत पोचली नाही, असं वहिनीच्या मनात आलं. मनातच आलं. तिचं बरंचसं बोलणं तिथेच होत असे.

नव्या माणसाचं तोंड सुरुवातीला सोलून निघायचं. मिस्त्री समजूत घालायचे, "हाताला घट्टे पडतात की नाही? तसेच तोंडालाही पडतात. दुखायचं थांबलं की समज, तोंड तयार झालं." वहिनीचा धाकटा भाऊ त्यांच्याच हाताखाली तयार झाला, हातानेही आणि तोंडानेही.

एकदा सकाळी मिस्त्री चूळ भरत असताना वहिनीला त्यांच्या गालात आतून एक पांढरा चट्टा दिसला. मध्ये लालसर जखम, कडा उचललेली. तिनं फडक्यानं पुसून पाहिलं, पुसला जाईना. बोट लावलं तर खोळीच्या आत बटण राहून गेल्यासारखं कडक.

"अहो, हे काय?"

"घट्टा. खिळ्यांची जागा आहे ती."

"दुखतं का?"

"छे! म्हणून तर म्हणतो घट्टा."

आठवडे गेले, महिने गेले. तिनं दोनदा विषय काढला, दोनदा ताट सरकवून ते उठून गेले. तिसऱ्यांदा तिनं काढला नाही.

मग एक दिवस उकळता चहा घाईनं प्यायले आणि टाळूला टरटरून फोड आला. मिस्त्रींनी घर डोक्यावर घेतलं. याच माणसाला महिनोन् महिने डॉक्टर नको होता, आता संध्याकाळपर्यंत थांबवेना. वहिनी बरोबर गेली. दवाखाना माणसांनी भरलेला. डॉक्टरांनी टाळूवर बॅटरी मारली, म्हणाले, "चटका आहे, आपोआप भरेल. आणखी काही आहे? बरेच दिवस न भरलेलं?"

"नाही," मिस्त्री म्हणाले आणि तोंड मिटलं.

वहिनीच्या ओठांवर शब्द आले होते. नवऱ्यानं तिच्याकडे नुसतं पाहिलं. चारचौघांत नवऱ्याला खोटं पाडायचं नाही, हे तिला लहानपणी शिकवलं होतं. शिकवणाऱ्यांचं भलं होवो, त्यांना काही भोगावं लागलं नाही. ती मूग गिळून बसली. टाळूचा फोड आठ दिवसांत गेला आणि मिस्त्री कारखान्यात सांगत सुटले, "बघा, डॉक्टर तरी वेगळं काय म्हणाला?"

पुढे जबडा उघडेना, खिळे तोंडात मावेनात, गळ्याशी गाठ आली. मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासणीचा कागद बाजूला ठेवला. "खिळ्यांनी झालं की आणखी कशानं, ते मला सांगता येणार नाही. उशिरा आलात, एवढं सांगता येतं. दोन-तीन आठवड्यांत न भरलेलं तोंडातलं काहीही दाखवायचं. दुखो, न दुखो." मिस्त्री भिंतीकडे बघत होते. वहिनीला त्यांची दया आली असं लिहिलं तर बरं दिसेल, पण तिला राग आला. त्यांचा आला आणि त्याहून जास्त स्वतःचा.

ऑपरेशनमध्ये गाल गेला, खालच्या जबड्याचं हाड गेलं, जिभेची कड गेली. जीव राहिला. बोलणं राहिलं ते असं, की एका वहिनीशिवाय कुणालाही कळत नसे. मिस्त्री बोलायचे आणि ती ते लोकांना सांगायची, अक्षर न बदलता.

भाऊ भेटायला आला तो थेट कामावरून. इकडचं तिकडचं झालं आणि वातावरण हलकं करायला म्हणून त्यानं गाल ताणून दाखवला. "भाऊजी, तुमचा चेला बघा. माझंही तोंड तयार झालं. खिळ्यांचा अख्खा डबा कोंबला तरी दुखणार नाही." पांढरा चट्टा, उचललेली कड. मिस्त्रींनी मान पुढे करून नीट पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग उरलेल्या जिभेनं काहीतरी म्हणाले.

"ताई, काय म्हणतायत भाऊजी?"

मिस्त्री म्हणाले होते, काही नाही रे, थोडे दिवस खिळे दुसऱ्या गालात धर.

वहिनी उठली, चपला पायात सरकवल्या.

"म्हणतायत, माझं चुकलं," ती म्हणाली. "याला आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे ने, म्हणतायत."

मिस्त्री ताडकन उठून बसले, हात हलवत ओरडायला लागले. भाऊ त्यांच्याकडे बघून घाबरला.

"आता काय म्हणतायत?"

"लवकर जा म्हणतायत," वहिनी म्हणाली आणि त्याला पुढे घालून बाहेर पडली.