तांब्याच्या हंड्यातला समुद्र

मी एकदा एक समुद्र मारला. चार फूट लांब, दीड फूट रुंद, काचेचा. तोही आर्णीत, जिथून खऱ्या समुद्राला जायचं तर अख्खा दिवस प्रवासात जातो. हत्यार माहेरचं होतं: तांब्याचा हंडा, चिंच लावून लखलखीत घासलेला.

सात वर्षं झाली. तेव्हा मी एकसष्ट वर्षांची पोरगी होते आणि मला सगळं कळायचं. अर्ध्या हळकुंडानं पिवळं होणं म्हणतात ना, मी तर नुसत्या हळदीच्या वासानंच पिवळी झाले होते.

समुद्र मूळचा आमच्या ह्यांचा. नोकरी दूध संकलन केंद्रावर. तीस वर्षं दुधात काचेची नळी बुडवून कुणी किती पाणी घातलं ते पकडायचं, हा धंदा. निवृत्त झाल्यावर लेकीनं आम्हाला कोकणात नेलं. ओहोटीच्या वेळी खडकांत साचलेल्या पाण्यात हा माणूस पँट गुडघ्यापर्यंत दुमडून दोन तास वाकून उभा राहिला. परत येताना गाडीत फक्त एवढंच म्हणाला, "घरी करू."

"काय?"

"समुद्र."

"आधी नळाले पाणी येऊ द्या," मी म्हटलं. सगळा डबा हसला. हे हसले नाहीत, तेव्हाच मला समजायला हवं होतं.

सामान घ्यायला आम्ही नागपूरला गेलो. दुकान एक चाळिशीतली बाई चालवायची. मीठ कालवून कालवून बोटांची टोकं पांढरी पडलेली, बोलणं रोखठोक. तिनं सांगितलं, मासा शेवटी, आधी पाणी. आपल्याकडचं बोअरचं पाणी चालायचं नाही, त्यातलं सगळं काढून टाकणारा फिल्टर घ्या. त्या कोऱ्या पाण्यात समुद्राचं मीठ कालवा, जेवणातलं नव्हे. मग लाटा करणारा पंप, घाण फेसात ओढून घेणारी नळी, खारेपणा मोजायची दुर्बीण. हे शाळकरी मुलासारखे वहीत उतरवून घेत होते. खारेपणा मोजायचं यंत्र हातात आलं तेव्हा त्यांचा चेहरा असा झाला की जणू जुनी नोकरी परत मिळाली.

आणि मी? मी टाकीवर लावायच्या दिव्यांसमोर उभी. कोणता निळा जास्त खुलतो ते बघत. साडीच्या दुकानात करतात तसं मी एक दिवा दारापर्यंत उजेडात नेऊन पाहिला. दिवा उन्हात नेऊन पाहणारी बाई त्या दुकानानं पहिल्यांदाच पाहिली असेल.

"काकाजी, पाणी थंड ठेवाचं मशीन घ्याच," बाई म्हणाली. "तुमच्या तिकडच्या मे महिन्यात टाकीचा रस्सा होईन."

"म्हणजे माणसाले कूलर अन् माशाले एसी?" मी.

"माणूस बोंबलते तरी," हे म्हणाले. "मासा कोणाले सांगन?"

मशीन घेतलं. पाणी जुळायला दोन महिने गेले, मग नारिंगी-पांढऱ्या माशांची जोडी आली, काच चाटणाऱ्या गोगलगायी आल्या, एक कोळंबी आली. आणि सगळ्यात शेवटी लिंबाएवढ्या दगडावर चिकटलेलं प्रवाळ. बाईच्या भाषेत 'कलम'. तिनं स्वतःच्या टाकीत वाढवलेलं. त्याला इवल्या इवल्या मुठी होत्या, आणि त्या मुठी आपोआप उघडायच्या, मिटायच्या. दिवसभर. मला ते पहिल्या दिवसापासून आवडलं नाही. "काहीतरी मागून राह्यलं ते," मी म्हणायचे. हे म्हणायचे, "मागत नाही, श्वास घेते."

तीन वर्षांनी, दिवाळीच्या आधी एका दुपारी हे गेले. खुर्चीतच, टाकीकडं तोंड करून. मी चहा घेऊन आले तेव्हा निळा उजेड त्यांच्या चेहऱ्यावर होता आणि मागं त्या मुठी चालूच होत्या. उघड, मिट. उघड, मिट. कपबशी मी त्यांच्या पुढ्यात ठेवली. मग कळलं. तरी बशी आधी ठेवली, हे मला अजून आठवतं.

तेराव्यानंतर घर रिकामं झालं आणि मग ह्यांचा आवाज सुरू झाला. खरा नव्हे. प्रत्येक बटणावर, प्रत्येक झाकणावर त्यांनी पांढऱ्या पट्टीवर लिहून ठेवलं होतं. 'हे बंद करू नये.' 'हात धुवून.' 'चिमूटभरच.' बत्तीस वर्षांच्या संसारात या माणसानं मला कधी हुकूम केला नाही, आणि मेल्यावर भिंतभर हुकूम. मी बटणाजवळ गेले की दचकायचे. पंपाची घरघर म्हणजे हुबेहूब त्यांचं झोपेतलं घोरणं. लाइट गेली की ती बंद पडायची, आणि त्या शांततेत मला त्या दुपारची बशी दिसायची. मग इन्व्हर्टर लागायचा, घरघर परत यायची, आणि मी, काय सांगू, खुर्चीकडं न बघता म्हणायचे, "आलात?"

नातवंडांना सांगते तेव्हा ती हसतात. मीही हसते. तेव्हा हसू आलं नव्हतं.

मुलगा पुण्याहून म्हणाला, "आई, काढून टाक ते. एकटी कायले गुंतून राह्यली?"

"मी एकटी नाही."

तो म्हणाला, "बरं. उन्हाळा निघून गेला अन् सगळं जिवंत राह्यलं, तर तू तिथं राह्य. मेलं, तर माझ्याकडं यायचं. मग हट्ट नाही."

मी हो म्हटलं. म्हणजे माझं घर आता त्या मुठींच्या हातात होतं. त्या उघडत राहिल्या तर मी इथं, ह्यांच्या खुर्चीजवळ. मिटल्या तर तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, दुसऱ्याच्या टीव्हीसमोर.

मार्चपासून टाकीतलं पाणी उडायला लागलं. मीठ मागं राहतं, पाणी जातं, म्हणून रोज बादलीभर कोरं पाणी घालायचं. फिल्टरचं पाणी साठवायला ह्यांनी नागपूरहून पांढरा ड्रम आणला होता, तो परसात असायचा. एका सकाळी वानरांची टोळी आली, त्यातल्या एका धिप्पाडानं कौलांवरून थेट ड्रमवर उडी मारली. ड्रम उभा चिरला.

नवा घ्यायला बाजारात गेले. दुकानदारानं निळा ड्रम पुढं केला. आमच्या भागात निळा ड्रम म्हणजे फवारणीचा. कापसाच्या शेतात औषध कालवायचा. हा कोरा होता, दुकानदार शपथेवर सांगत होता, पण मी आत डोकं घालून वास घेतला आणि मला तो वास आलाच. नसेलही. मला आला. ह्यांच्या समुद्रात मी असलं पाणी घालू?

"आजी, नागपूरले फोन करून पांढरा मागवून घ्या," दुकानदार म्हणाला.

"माह्या घरी काही भांडे नाहीत का?" मी म्हटलं आणि ताठ मानेनं घरी आले.

नागपूरला फोन केला असता तर ही गोष्टच नव्हती. पण फोन कशाला? माझ्या आईनं दिलेला हंडा माळ्यावर होता. तांब्याचं पाणी शुद्ध, हे मला जन्मापासून माहीत. पोट बिघडलं, तांब्याचं पाणी. देवाला, तांब्याचं पाणी. नदीच्या पुलावरून गेलो तरी तांब्याचा पैसा पाण्यात. मी हंडा घासला, फिल्टरचं पाणी भरून रात्रभर ठेवलं, आणि सकाळी टाकीत ओतताना स्वतःवर इतकी खूश होते की खुर्चीला ऐकवलं, "पाहा, तुमच्या प्लास्टिकपेक्षा बरं."

आठवड्याभरात गोगलगायी काचेवरून गळून पडल्या. मग कोळंबी उताणी. मुठी मंद झाल्या, एक एक करून मिटल्या आणि उघडल्या नाहीत. मासे मात्र मजेत फिरत होते. त्यामुळे पाण्यात दोष असेल हे माझ्या डोक्यात आलंच नाही. मला वाटलं, हे रागावले. मी पट्ट्या पुन्हा पुन्हा वाचल्या, कोणता हुकूम मोडला ते शोधत. आणि पाणी आणखी शुद्ध हवं म्हणून हंडा दोनदा भरायला लागले.

शेवटी प्रवाळाचं बुळबुळीत पाणी झालं. दगड उघडा पडला. त्या दिवशी पंप घरघरत होता तरी खोलीत कुणी नव्हतं. हे मी कसं सांगू? पहिल्यांदाच हेही नव्हते.

मी टाकीतलं पाणी बाटलीत भरलं आणि एसटीनं नागपूर गाठलं. बाईनं पाणी नळीत घेतलं, दोन थेंब टाकले, रंग पाहिला आणि माझ्याकडं पाहिलं.

"काकू, तांब्याचं काही घातलं?"

मी हंड्याचं सांगितलं. चिंचेचंही सांगितलं. ती हसली नाही.

"माशाले तांबं सोसते थोडं. प्रवाळ, कोळंबी, गोगलगाय, त्याहिले ते विष आहे. अन् फिल्टरचं कोरं पाणी तर भांड्यातलं तांबं आणखी ओढून घेते."

मी स्टुलावर बसले. म्हटलं, "ते प्रवाळ ह्यांनी पहिल्या वर्षी आणलेलं होतं. तीन वर्षं जपलं. त्यांचं तेवढंच जिवंत राह्यलं होतं, अन् ते मी मारलं."

बाईनं नळी धुतली, पालथी घातली, पांढरी बोटं पुसली आणि म्हणाली:

"काकू, ते पहिलं नव्हतंच. काकाजीच्या हातून तीनदा मेलं. दरवेळी तुमाले सांगत, नागपूरले डॉक्टरले डोळे दाखवाले चाललो, अन् इथून नवं कलम घेऊन जात. मले म्हणत, घरी सांगू नका बाई, ती हासन मले."