शिसवाचे फुटवे

घरामागचा उतार आमच्या मालकीचा. वडील होते तेव्हा तो ठेकेदाराला दिला, आणि त्यानं शिसव, ऐन, सापडेल ते तोडून नेलं. वरच्या कडेला एकच म्हातारा शिसव वाचला, तोही पोकळ होता म्हणून. काही पावसाळ्यांनी त्याच्या शेंगांतून उतारावर रोपं उठली, तुटलेल्या झाडांच्या मुळांतून फुटवे आले.

"लावलं न्हाई, पाणी घातलं न्हाई, आपसूक येतंय बघ," चुलती म्हणायची. तिनं करवंदीच्या काट्यांचं कुंपण घातलं. शेजारचे आबा बिडी ओढत गाई लांबून न्यायचे आणि कुणाची शेळी आत शिरली की खालूनच शिव्या घालायचे.

"वैनी, तुमची शिसवं मोटी व्हईस्तोवर मी सरणावर."

"तुमच्यासाठी कोण राखतंय? नातवाच्या खाटंला राखते."

राब, म्हणजे रोपाच्या वाफ्यावर पसरलेला पालापेंढा, भाजायचा तो सकाळी, वारा पडलेला असताना. पेटवायचा वाऱ्याच्या उलट बाजूनं, म्हणजे आग हळू सरकते. आणि विझेपर्यंत जागचं हलायचं नाही. भाताच्या रोपासाठी जमीन भाजणाऱ्या आमच्या गावात हे कुणाला शिकवावं लागत नाही. आमचा राब उताराच्या पायथ्याशीच, आणि गेल्या उन्हाळ्यात भाजायच्या दिवशी मला आंबी गावच्या कंपनीत दुपारची पाळी होती. उरकावं म्हणून वाऱ्याच्या बाजूनं पेटवला, पेंढा धडाधड पेटला, आणि मी मोटरसायकल काढली.

रात्री परतलो तर उतार काळा.

"राब इझवून गेलतास ना?" चुलतीनं विचारलं.

"व्हय."

एवढंच बोललो. मग तिला आबांची बिडी आठवली. सगळ्यांसमोर ती त्यांना नको ते बोलली. आबा म्हणाले, "वैनी, मी तिकडं गेलतोच न्हाई." ती ऐकेना. मी तिथंच उभा होतो.

आबांनी ती वाट सोडली. आणि खरं सांगतो, शिसव मेला नव्हता. पावसात जळक्या मुळांतून लालसर कोंब वर आले, पहिल्यापेक्षा दाट. पण राखणीला कुणी नव्हतं. चुलतीचे गुडघे धरलेले. शेळ्यांनी कोंब वर्षभर बुडापासून खाल्ले, तेव्हा मला कळलं, आगीपेक्षा माझ्या गप्प राहण्यानं जास्त गेलं.

यंदा चुलतीनं कुंपणाच्या जळून उरलेल्या काट्या ओढून राबावर टाकल्या. "आता कुणाची राखण?" तेव्हा माझ्यानं राहवलं नाही. सांगून टाकलं.

तिनं पदराचे काटे झटकले. मग म्हणाली, "आबांना सांगितलंस?"

"न्हाई."

"मंग हितं काय करतोस?"

आबा ओट्यावर होते. सगळं ऐकून त्यांनी बिडी कानावर ठेवली. "गाई इकल्या. आता वर कशाला येऊ?" मग म्हणाले, "कुंपण हाय का?"

"राबावर टाकलं."

"मंग भाजा."

दुसऱ्या दिवशी सकाळी, वारा पडलेला असताना, मी राब उलट बाजूनं पेटवला. राख गार होईपर्यंत तिथंच बसून राहिलो. चुलती आली नाही.