कासवाची वरात

माझ्या थोरल्या बहिणीला पांढऱ्या पायाची म्हणणाऱ्या माणसाच्या घरची वरात मीच हाकली, आणि त्या वरातीची गाडी वाटेत बंद पडू नये म्हणून इंजिनाभोवतीचं रबरही मीच बदललं. हे ऐकून लोक मला गरीब गाय समजतात. तसं काही नव्हतं. त्या माणसाची सावली दिसली तरी माझ्या दाढा आवळायच्या.

रहाटणीत त्याचं घर वेशीजवळ, आमचं मारुतीच्या देवळाच्या अलीकडे. आक्काची सुपारी त्याच्या मुलाशी फुटली होती. पुढच्याच जत्रेत बैलगाड्यांच्या शर्यतीत त्याचा खिलारी बैल पडला आणि मेला. शर्यतीआधी बैलाला किती दारू पाजली होती ते सगळ्या गावाला ठाऊक होतं. तरी चावडीवर तो म्हणाला, "पोरीचा पायच पांढरा. उंबरा वलांडायच्या आदी बैल खाल्ला." सोयरीक मोडली. बैल एकदाच मेला, आक्का मात्र रोज मरायला लागली. हळदीकुंकवाला बोलावणं येईना. पेरणीला निघालेली बाई तिला बघून माघारी वळायची. बाहेरगावचं स्थळ यायचं, वेशीवर त्याच्याच ओसरीवर पाणी प्यायचं आणि तिथूनच परत जायचं.

मी तेव्हा पिंपरीच्या नव्या कारखान्यातल्या एका साहेबांच्या गाडीवर होतो. ड्रायव्हर मीच आणि मिस्त्रीही मीच. गाडी जर्मन, पाठ फुगीर, इंजिन मागच्या बाजूला. गावात तिला कासव म्हणत. तिला पाणी लागायचं नाही, वाऱ्यावरच थंड व्हायची. पंखा वरची गार हवा ओढतो आणि इंजिनावरून खाली सोडतो. खालची तापलेली हवा पुन्हा वर येऊ नये म्हणून इंजिनाच्या खणाला चहूबाजूंनी रबराची पट्टी असते. ती गेली की पंखा तीच गरम हवा पुन्हापुन्हा ओढत राहतो, दारं लावून चूल पेटवावी तसं. हमरस्त्यावर एक वेळ खपून जातं. पण वैशाखाच्या उन्हात, वाजंत्र्यांच्या मागे मुंगीच्या पावलानं चालायचं म्हटलं तर गाडी तापून बसणारच.

आमच्या कासवाचं रबर पार कुजलं होतं. नवी पट्टी साहेबांनी विलायतेहून आणून ठेवली होती, बसवायची बाकी होती.

तो माणूस कारखान्याला मजूर पुरवायचा. मुलाचं लग्न पिंपळे सौदागर गावच्या मुलीशी ठरलं, तेव्हा त्यानं वरातीसाठी साहेबांकडे गाडी मागितली. साहेब हो म्हणाले. त्या दिवशी मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या. मला काही करायचंच नव्हतं. कुजकं रबर तसंच ठेवायचं, की भर गावात नवरानवरीसकट गाडी बसणार आणि फेटेवाले ढकलत नेणार. सूड वाईट म्हणतात. असेल. मला तो तेव्हा गुळासारखा गोड लागत होता.

आक्काला सांगितलं. भाकरी थापता थापता तिचा हात थांबला.

"आन् मग गाव काय म्हनंल?"

"त्याची जिरली म्हनंल."

"न्हाई. नवरीचा पाय पांढरा म्हनंल. पयला त्योच म्हनंल."

तिनं भाकरी तव्यावर टाकली.

"रबर बदल," ती म्हणाली. "चांगलं बदल. आन् वरात आपल्या दारात आली की गाडी हुबी कर, चालू ठिऊन. मी तिला आडवी जानार हाय."

तेव्हा मला कळलं, माझ्यापेक्षा तिचा राग जास्त शहाणा होता. गाडी चालू राहिली तर त्याचं तोंड गावासमोर काळं होणार होतं. बंद पडली तर आक्का जन्माची पांढऱ्या पायाची ठरणार होती.

मी इंजिन खाली उतरवलं. जुनं रबर खरवडताना काळ्या काकवीसारखं बोटांना चिकटत होतं, आणि प्रत्येक तुकड्यामागे मी त्याला शिवी घालत होतो. खाच घासून लख्ख केली, एरंडेल लावलं, नवी पट्टी अंगठ्यानं दाबत दाबत बसवली. एका कोपऱ्यात मुडपली, तर सगळी उपसून पुन्हा बसवली. इतक्या निगुतीनं मी देवसुद्धा कधी पुसले नाहीत.

लग्नाच्या दिवशी त्याच्या माणसांनी मागच्या काचेखालच्या जाळीवर झेंडू आणि आंब्याचे टहाळे गच्च बांधले. पंखा हवा घेतो ती नेमकी तिथूनच. मी सगळं ओरबाडून काढलं.

"मागनं बोडकी दिसतीया!" तो ओरडला.

"तिचं नाक हाय तितं, मालक," मी म्हणालो.

ऊन कलता कलता वरात गावात शिरली आणि मारुतीच्या दर्शनाला निघाली. हलगी, सनई, नाचणारी पोरं. गाडीचं कापडी छप्पर मागे सारलेलं, मागच्या बाकावर नवरानवरी. तो फेट्याचा तुरा सावरत वाजंत्र्यांबरोबर चालला होता. आमच्या दारात आक्का कळशी आणि आरतीचं ताट घेऊन उभी होती. मी ब्रेक दाबला.

तो धावत माझ्याकडे आला. "गाडी फुडं घे!"

"नवरीला ववाळत्यात, मालक. लगनात ववाळनी टाळत्यात व्हय?"

बायका बघत होत्या, तो पुन्हा पुढे वाजंत्र्यांत जाऊन उभा राहिला. आक्कानं चाकांवर पाणी ओतलं, गाडीच्या कडेवरून वाकून नवरीला कुंकू लावलं, ओवाळलं. मग रिकामी कळशी कमरेवर घेऊन ती गाडीच्या पुढ्यातून आडवी गेली. हलगी आपोआप थांबली. आक्का वळली आणि परत आडवी आली. सगळं गाव इंजिनाच्या टकटकीला कान लावून उभं होतं. तापलेल्या तेलाचा वास येतो का, म्हणून मी श्वास ओढत होतो. वास आला नाही. टकटक चालूच राहिली.

आक्का त्याच्यासमोर जाऊन थांबली.

"मामा," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "बंद पडली का वो?"

त्याचा हात फेट्याच्या तुऱ्याकडे गेला. उत्तर मागून आलं. नवरीनं पदर सावरला, मान वर केली आणि सासऱ्यादेखत खणखणीत आवाजात म्हणाली, "न्हाई वो ताई. चालूच हाय."

मी गिअर टाकला आणि त्याला वाटेतून बाजूला करायला हॉर्न वाजवला.