आनंदीकाकूंनी कापलेला फोन

बालाजी घाटावर आनंदीकाकूंना कुणी फसवून दाखवावं! नावाडी त्यांच्याशी घासाघीस करत नसत आणि साडीवाला मुकाट खरं रेशीमच पुढे ठेवी. नवरा, बिंदुमाधवशास्त्री, मात्र अगदी भोळा सांब. दशाश्वमेधावर महाराष्ट्रातून आलेल्या यात्रेकरूंची श्राद्धं करायचा, आणि कुणीही यावं, त्याला टोपी घालून जावं.

गेल्या वर्षी शास्त्रीबुवांना थकवा जाणवू लागला. हॉस्पिटलात रक्त तपासलं, गोळ्या मिळाल्या. एवढ्या उपासतापासांनी माणूस फिका पडणारच, असं दोघांनी ठरवून टाकलं. तिथल्या संगणकानं मात्र त्यांचे जुने-नवे रिपोर्ट ताडून पाहिले. अंगातलं रक्त हळूहळू कमी होतंय, आतड्यात काही असू शकतं, हे त्याच्या ध्यानात आलं आणि त्यानंच फोन लावला.

सोवळ्यात नको म्हणून शास्त्रीबुवा फोन घरीच ठेवत. काकूंनी उचलला.

"बिंदुमाधव जी की आंत की जाँच होनी है. आने के लिए एक दबाइए," यंत्राचा गोड आवाज म्हणाला.

त्याच आठवड्यात शेजारच्या गीतानं असाच आकडा दाबून बँकेतलं सगळं घालवलं होतं. "चल, ठग कहीं का!" म्हणत काकूंनी फोन कापला. पुन्हा आला, पुन्हा कापला. संध्याकाळी मोठ्या ऐटीत नवऱ्याला सांगितलं.

"तू आहेस म्हणून माझा निभाव लागतो गं," ते हसून म्हणाले.

होळीनंतर पोट दुखायला लागलं, शौचातून रक्त पडलं. तपासणी झाली. कॅन्सर पसरला होता. डॉक्टर हिमानी पडद्याकडे बघत म्हणाल्या, "माताजी, आपको तो पहले ही फोन गया था. तब आ जाते तो…"

काकूंना तो कापलेला फोन आठवला. शास्त्रीबुवा चटकन म्हणाले, "फोन हमारे पास था, डॉक्टर साहिबा. हमने ही काट दिया." जन्मात पहिल्यांदा खोटं बोलले असतील, तेही बायकोला सांभाळून घ्यायला.

श्रावणात ते गेले. जाईपर्यंत एका शब्दानं त्यांनी दोष दिला नाही, आणि तेच काकूंना जाळत राहिलं. भांडले असते तर बरं झालं असतं. आता त्या कुठलाच फोन कापत नाहीत. कर्जवाले, विमावाले, सगळ्यांचं शेवटपर्यंत ऐकून घेतात.

परवा शास्त्रीबुवांचा फोन वाजला. तोच गोड आवाज. ते गेल्याचं हॉस्पिटलात कुणी कळवलंच नव्हतं.

"बिंदुमाधव जी, आपकी दोबारा जाँच का समय हो गया है. आने के लिए एक दबाइए."

काकूंनी पदरानं डोळे पुसले आणि एक दाबला.