कासऱ्याच्या मापाचं हँडल

लोककथांच्या अभ्यासकाला किस्से गोळा करावे लागतात, असा एक समज आहे. माझा अनुभव उलटा आहे. ज्या कथांसाठी मी टेपरेकॉर्डर घेऊन गावोगाव हिंडलो, त्या अर्ध्यामुर्ध्याच हाती लागल्या; आणि जे किस्से कधी मागितले नाहीत, ते संग्रामपूरच्या बाजाररस्त्यावरच्या एका सायकल दुकानात आपोआप साठत गेले. भिंतीवरच्या खिळ्याला जुन्या ट्यूबा अडकवलेल्या असतात ना, तसे. खालची एक काढायला जावं तर वरच्या चार हातात येतात. आजही तेच होणार, हे आधीच सांगून ठेवतो.

दुकान रहीम मिस्त्रींचं. दारात एक लाकडी बाक आणि त्यावर रोजचे आम्ही तिघं. शेषराव निवृत्त पोस्टमन. त्यांचं सगळं आयुष्य खात्याच्या सायकलवर गेलेलं. नामदेवराव कापूस पेरणारे, त्यांचं वावर सातपुड्याच्या बाजूला तीन किलोमीटरवर. आणि मी, तालुक्यात मराठी शिकवणारा. पंक्चर काढायला म्हणून आलो आणि पुढची कित्येक वर्षं तिथंच बसलो.

ती वर्षं बीटी कापसाची. समोरच्या कृषी केंद्रात दर हंगामाला नव्या रंगाची पाकिटं येत आणि बाकावर त्यांची चर्चा चाले. मध्येच कोणी एखाद्या गावाचं नाव घेई, त्या गावात काल काय घडलं ते हलक्या आवाजात सांगे, आणि मग बराच वेळ कोणी बोलत नसे. अशा वेळी मिस्त्री मुद्दाम एखादं चाक फिरवून सोडून देत. त्या चाकाचा आवाज थांबेपर्यंत बोलायला नवा विषय सापडलेला असे.

* * *

पहिला किस्सा माझ्याच फजितीचा आहे, तो उरकून टाकतो.

दुकानाच्या छताला एक जुनी सायकल टांगलेली होती. तिचं हँडल उंच उठून चालवणाऱ्याच्या दिशेनं मागं वळलेलं. मला वाटलं, या आकाराला कारागिरांच्या बोलीत नक्कीच एखादा जुना शब्द असणार. मी रेकॉर्डर सुरू केला आणि विचारलं, “मिस्त्री, या मागं वळलेल्या हँडलला पूर्वापार काही खास नाव आहे का?”

मिस्त्रींनी पाना खाली ठेवला. हात पुसले. छताकडे बराच वेळ पाहिलं.

“हाये ना सर.”

“काय म्हणतात?”

“हँडल.”

शेषराव म्हणाले, “लिहून घ्या सर, अजून कोणाले माहीत नाही!”

ती कॅसेट माझ्या संग्रहात आहे. त्यानंतरची सात मिनिटं नुसतं हसणं आहे.

* * *

नामदेवरावांनी आदल्या वर्षी बैल विकले होते. त्यामागची साखळी त्यांनीच एकदा मला समजावून दिली होती: शिवारात सगळा कापूस झाला तशी ज्वारी गेली, ज्वारी गेली तसा कडबा गेला, आणि कडबा गेल्यावर बैलांपुढे टाकायचं काय? पवळ्या आणि मोऱ्या एकाच दिवशी गेले. बैलगाडी अंगणात राहिली, आणि नामदेवराव कधी पायी, कधी घरच्या जुन्या सायकलवर वावरात जाऊ लागले.

मग बांधावरून पाय घसरला आणि उजवा गुडघा आखडला. त्या उंच सायकलवर टांग टाकणं संपलं, तीन किलोमीटर चालणंही संपलं. मुलगा विलास कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. तो सकाळी मोटरसायकलवरून बापाला वावरात सोडी आणि दिवसभर त्याचं अर्धं लक्ष तिकडेच राही. शेवटी एके दिवशी तो दुकानात येऊन आमच्यासमोरच बोलला.

“बाबा, यंदाचा हंगाम पाहतो. एकट्यानं जाऊन एकट्यानं परत येत असान, तर जात जा. पण एकदा जरी पडले, तर दुसऱ्या दिवशी वावर ठोक्यानं देऊन टाकीन. मंग घरी बसा.”

ठोक्यानं देणं म्हणजे वर्षभरासाठी वावर दुसऱ्याच्या हवाली करणं. विलासच्या बोलण्यात राग नव्हता, भीती होती. म्हणून त्याला उत्तर देणं अवघड होतं.

तो गेल्यावर नामदेवराव म्हणाले, “रहीमभाई, पाय न उचलता चढता येईन अशी सायकल असते का बे?”

मिस्त्रींनी छताकडे पाहिलं. “असत नाही. करा लागते.”

* * *

पहिली अडचण निघाली सांगाड्याची. मिस्त्री म्हणाले, मधला आडवा दांडा काढून खाली तिरपा घ्यावा लागेल. नामदेवराव उभेच राहिले.

“म्हंजे लेडीज? मी लेडीज सायकलवर गावातून जाऊ?”

“दांडा पायजे का? देतो ना. पहिले टांग टाकून दाखवा.”

मिस्त्रींनी केरसुणीची काठी काढून तिचं एक टोक मला आणि दुसरं शेषरावांना धरायला दिलं. जुन्या सायकलच्या दांड्याइतक्या उंचीवर आम्ही ती धरली. नामदेवरावांनी पाय उचलला. काठी फार वर राहिली.

“चार बोटं खाली घ्या,” ते म्हणाले. आम्ही घेतली. “अजून चार.” घेतली. “अजून जराशी.” आता शेषराव वाकले होते. “अजून.” आता मीही वाकलो. कृषी केंद्रातली गिऱ्हाइकं बाहेर येऊन पाहू लागली.

“नामदेवभाऊ,” शेषराव तसेच वाकलेल्या अवस्थेत म्हणाले, “याच्या खाली आता फरशी हाये!”

शेवटी ढोपराच्या बरीच खाली काठी आली तेव्हा पाय पलीकडे गेला. मिस्त्रींनी तिथंच भिंतीवर खडूनं रेघ मारली. लेडीज हा शब्द त्यानंतर कोणी उच्चारला नाही.

* * *

हँडलच्या मापाचा किस्सा मी व्याख्यानांतही सांगत आलो आहे, पण तिथं तो नीट सांगता येत नाही.

मिस्त्री माणसाला कधी टेपनं मोजत नसत. त्यांचं म्हणणं असं की टेप लावली की माणूस ताठ होतो आणि खोटं माप देतो. ज्याची जी रोजची बैठक, तिच्यात बसवून माप घ्यायचं. शेषरावांचं माप त्यांनी हातात पत्रांचा गठ्ठा देऊन घेतलं होतं. नामदेवरावांना त्यांनी उलट्या ठेवलेल्या डब्यावर बसवलं. एक जुनी ट्यूब कापून समोरच्या खिळ्यात अडकवली आणि तिची दोन टोकं त्यांच्या हातात दिली.

“हा कासरा. बैलबंडीवर बसले समजा. डोळे मिटा.”

नामदेवरावांनी डोळे मिटले. पाठ आपोआप सरळ झाली, खांदे खाली आले, कोपरं बरगड्यांशी टेकली आणि मुठी पोटापुढं, किंचित आत वळून स्थिरावल्या. मी त्या मुठींकडे पाहिलं आणि मग छताच्या हँडलकडे. दोन्हींचा कोन एकच होता. ज्या आकाराचं नाव मी विचारत होतो, त्याचं मूळ असं माझ्यासमोर डब्यावर बसलेलं होतं!

मिस्त्रींनी दोन्ही मनगटांजवळ भिंतीवर खुणा केल्या. “झालं. सोडा आता.”

नामदेवरावांनी सोडलं नाही. डोळे मिटलेलेच. जिभेनं बारीक टचटच केली, जशी बैलांना चालतं करताना करतात. मग अगदी हळू म्हणाले, “मोऱ्या, नीट चाल.”

शेषरावांनी तोंड फिरवलं. मिस्त्रींनी खडू खिशात ठेवला आणि एक चाक फिरवून सोडून दिलं.

* * *

छताचं हँडल आतून गंजलेलं होतं, आणि असं नवं बाजारात मिळेना. पोरांना तेव्हा सरळ दांड्याच्या सायकली हव्या असत. म्हणून मिस्त्रींनी पाईप वाकवायचं ठरवलं. पाईप नुसता तापवून वाकवला तर आत चेपतो. तो वाळूनं गच्च भरायचा, दोन्ही टोकांना लाकडी बुचं ठोकायची आणि मग भट्टीत धरायचा. वाळू मात्र खडखडीत कोरडी लागते.

वाळू आणायचं काम शेषरावांकडे होतं. त्यांनी ती नदीतून आणली. सरळ नदीतून!

पाईप लाल होतो न होतो तोच आतल्या ओलाव्याची वाफ झाली आणि धाडकन आवाज होऊन एक बूच सुटलं. ते आमच्या डोक्यांवरून गेलं आणि रस्ता ओलांडून कृषी केंद्राच्या पत्र्याच्या पाटीवर जाऊन आदळलं. आतला मालक खाली बसला, तो बराच वेळ उठेना.

नामदेवराव शांतपणे म्हणाले, “रहीमभाई, मी हँडल सांगतलं होतं. तोफ नाही.”

मिस्त्री शेषरावांकडे वळले. “पोस्टात पत्र भी असंच वल्लं करून वाटत होते का?”

दुसऱ्या दिवशी शेषरावांनी घरून वाळू तव्यावर भाजून आणली. वहिनी आठवडाभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

* * *

सायकल तयार झाली. काळी, बुटकी, रुंद सीटची, आणि पुढं ते उंच उठून मागं वळलेलं हँडल. नामदेवराव पाय फारसा न उचलता बसले, मुठी धरल्या आणि म्हणाले, “बाप्पा! हे तं माह्याच हाताचं हाये.”

बाजाररस्त्यावर ते ऐटीत निघाले. पाठ ताठ, मान वर. लोक वळून पाहू लागले. कृषी केंद्रासमोर एक बकरी आडवी आली, आणि नामदेवरावांनी तेच केलं जे चाळीस वर्षं केलं होतं. दोन्ही मुठी जोरात छातीकडे ओढल्या आणि ओरडले, “होऽ! होऽ! होऽ!”

सायकल थांबली नाही. ब्रेक बोटांखाली तसेच राहिले.

कृषी केंद्राच्या दारात बियाण्याच्या कंपनीनं पुठ्ठ्याचा एक माणसाएवढा शेतकरी उभा केला होता. दोन्ही हातांत कापूस, चेहऱ्यावर मोठं हसू. सायकल थेट त्याच्यावर गेली. तो हसत हसत उताणा पडला. हँडलचं डावं वळण ओट्याच्या दगडावर घासलं. पण सांगाडा इतका खाली होता की नामदेवरावांचे दोन्ही पाय जमिनीला टेकले आणि ते उभे राहिले.

शेषराव ओरडले, “बीटीवाला आडवा झाला, गावरानी उभा हाये!”

सगळा रस्ता हसला. नामदेवराव तेवढे हसले नाहीत. त्यांनी आमच्याकडे पाहून विचारलं, “हे पडलं धरते का?”

“बिलकुल नाही,” मिस्त्री म्हणाले. “पडला तो पुठ्ठा.”

तरी विलासला सांगायचं नाही, असं ठरलं. दगडानं वळणावर रंग पार खरवडून निघाला होता. तो भाग मिस्त्रींनी काळ्या कापडाच्या पट्टीनं घट्ट बांधून टाकला.

* * *

दोनच दिवसांनी विलास दुकानात आला. बाप एकटा जाऊन एकटा येत होता. तो सायकलभोवती फिरला, हँडल हलवून पाहिलं, समाधान झाल्यासारखा दिसला. मग त्याचं बोट त्या पट्टीवर आलं.

“हे काय बांधलं हो चाचा?”

“डिझाइन,” मिस्त्री म्हणाले.

“नजर लागू नाही म्हणून,” त्याच क्षणी शेषराव म्हणाले.

विलासनं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. नामदेवराव जमिनीकडे पाहत होते. मग तो माझ्याकडे वळला. “सर, तुम्ही शिकलेले माणसं. तुम्ही सांगा.”

मी घसा साफ केला. नव्या वाहनाच्या डाव्या अंगाला काळं वस्त्र बांधण्याची चाल या भागात फार जुनी आहे, असं सांगितलं. तिचे तीन प्रकार सांगितले. त्यातला एक सातपुड्याच्या पायथ्याशी अजूनही पाळला जातो, असंही सांगितलं. विलास अदबीनं ऐकत राहिला.

“असं का,” तो म्हणाला आणि गेला.

“सर,” मिस्त्री म्हणाले, “आमच्याइथं राहून तुम्ही लय सुधारले!”

अभ्यासक म्हणून आयुष्यात मी दिलेलं खोटं टिपण एवढं एकच. पुढे शेजारच्या गावात एकानं नव्या मोटरसायकलच्या डाव्या बाजूला काळी पट्टी बांधलेली मी पाहिली. कारण विचारलं तर म्हणाला, “जुनी चाल हाये.” मी त्याची नोंद केली नाही.

* * *

हंगाम उभा राहिला आणि पोळा आला. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे खांदमळणी असते. वर्षभर जू ओढलेल्या बैलाच्या खांद्याला हळद-लोणी चोळायचं आणि त्याला दुसऱ्या दिवशीच्या पुरणपोळीचं निमंत्रण द्यायचं. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत. वर्षातली ती त्याची सुट्टी.

त्या संध्याकाळी नामदेवराव वावरातून येऊन बाकावर टेकले होते. सायकल समोर उभी होती. गोठा रिकामा, म्हणून त्यांना घरी जायची घाई नव्हती.

तेवढ्यात विलास आला. हातात रुमालानं झाकलेली वाटी. “आईनं सवयीनं कालवलं,” तो म्हणाला. “मंग तिच्याच ध्यानात आलं.”

रुमालाखाली हळद-लोणी होतं.

विलास सायकलजवळ गेला, वाकला आणि हँडलच्या डाव्या वळणावरची काळी पट्टी सावकाश सोडू लागला. नामदेवराव अर्धे उठले. मिस्त्रींनी त्यांना हातानं खाली बसवलं.

पट्टी सुटली. दगडाचा ओरखडा उघडा पडला. विलासनं त्याच्याकडे पाहिलं. त्याला नवल वाटल्याचं काही दिसलं नाही. दोन बोटांवर लोणी घेऊन त्यानं त्या ओरखड्यावर हलक्या हातानं चोळलं आणि लहानपणापासून ऐकलेले शब्द म्हटले: “आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.”

सगळ्यात आधी मिस्त्री सावरले. “एकट्यालेच काऊन बे? खांदमळणी जोडीची असते. याचा जोडीदार कुठी हाये?”

विलास वाटी घेऊन वळला. बाकाजवळ आला, बापाच्या सदऱ्याची कॉलर बाजूला केली आणि उरलेलं सगळं लोणी त्यांच्या खांद्यावर चोळलं.

“आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.”

नामदेवरावांनी कॉलर सावरली. मग म्हणाले, “म्हंजे उद्या मले वावरात जाची सुट्टी?”

“हाव,” विलास म्हणाला. “फक्त उद्याच्या दिवस.”