ओलुवान्यीची दुसरी रांग

जुळ्यांची आई म्हणून तिला सगळे नालोंगो म्हणत. या टेकडीवर ती आली तेव्हा चहूकडे केळीच होत्या आणि विहिरीकडे जाणारी एकूणएक पाऊलवाट तिच्या ओसरीवरून जाई. मग कंपाला शहर पसरत पसरत टेकडी चढून आलं. ज्याने जमीन घेतली त्याने भिंत घातली, भिंतीला फाटक, फाटकाला कुत्रं. वाटा एकेक करून मेल्या. आता नालोंगोची गल्ली एका भिंतीला जाऊन थडकत होती. पायी माणसाला तेवढा एक चिंचोळा पान्या उरला होता, म्हणजे उंदीरवाट.

सवत नाब्बोसाचं मात्र नशीब फळफळलं. नवऱ्याने दोघींना एकाच दिवशी जमीन दिली होती. पण डांबरी रस्ता नेमका धाकटीच्या दारावरून गेला. तिच्या चहाच्या टपरीवर सकाळपासून ही झुंबड! नालोंगोच्या अंगाचा तिळपापड होई. त्यात शाळेकडची माणसं हिच्याच ओसरीसमोरून, त्याच पान्यातून, तिच्याकडे चहाला जात. "कशी आहेस, नालोंगो?" एवढं विचारत, पण मेली थांबत नसत.

दोघींच्या मधला तुकडा कुणा साहेबाने विकत घेतला. सोमवारी वस्तीचा चेअरमन हद्दीच्या पाहणीला येणार होता. त्या भागात जमिनीच्या हद्दीवर ओलुवान्यीची झुडपं लावतात. एक रांग म्हणजे नुसती हद्द, दोन रांगा म्हणजे मधून सगळ्यांची वाट. या तुकड्यातून जाणाऱ्या पान्याला दोन रांगा होत्या. रविवारी सगळे चर्चला गेले असताना नालोंगोने दुखरी कंबर धरून एक रांग उपटली आणि कांड्या स्वयंपाकघरामागे फेकल्या.

चेअरमन नवा होता, बाहेरून आलेला. "नालोंगो, तुम्ही इथल्या जुन्या. इथे वाट होती का हो?"

"वाट कसली? कोंबड्या फिरायच्या!"

महिन्याभरात भिंत उभी राहिली. शाळेकडची माणसं दुसऱ्या फाट्याने डांबरी रस्त्याला लागली. टपरीवरची गर्दी होती तेवढीच राहिली. नालोंगोच्या ओसरीसमोरून मात्र कुणी जाईना. तिला सकाळचा चहाही येईना. नाब्बोसा रोज त्याच पान्यातून तो आणून देई, आणि जळफळाटात हिला नेमका त्याचाच विसर पडला होता.

वाट बंद झाल्याच्या चौथ्या दिवशी नाब्बोसा किटली घेऊन आली. मोठ्या रस्त्याने वळसा घालून आल्यामुळे पाय लाल धुळीने भरले होते.

"ताई, अर्धा तास चालतेय बघ! कप कुठंयत?" म्हणत ती स्वयंपाकघराच्या मागे गेली आणि तिथेच थबकली. फेकलेल्या कांड्यांनी मूळ धरलं होतं. एकेकीला हिरवा तुरा फुटला होता.

ती परतली, चहा ओतला आणि धाकटीने थोरलीसमोर टेकावेत तसे गुडघे टेकून कप पुढे केला.

"वाट नव्हती ना इथे? मग बारा वर्षं मी यायचे कुठून, ताई?"

नालोंगोने मान खाली घालून घोट घेतला. चहा पार निवला होता, तरी फक्कड होता. तेही तिला खुपलं.